प्रश्नाला उत्तर न देणं हासुद्धा उद्धटपणाच

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन शिक्षणावर तुमच्या पेपरात बरंच छापून येतं, मुलांच्या डोळ्यांचं काय होतं, नेट गेलं की काय हाल होतात, परीक्षा कशी घ्यावी, मी सगळं वाचते आणि ते यायलाच हवं, पण त्या क्लासमध्ये बसलेली माणसं एकमेकांशी बोलतात कशी यावर मी तरी अजून काही वाचलं नाहीये, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय. जागा नसेल तर कापा, पण ताईंचा प्रसंग तेवढा ठेवा ही विनंती.

मी नोकरी करते आणि सोबत ऑनलाइन पदवी करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. वर्गात 19 वर्षांच्या पोरांपासून रिटायर झालेल्या माणसांपर्यंत सगळे आहेत. आठवड्यातून तीन दिवस व्हिडिओवर लेक्चर असतं आणि मधल्या दिवसांत लेखी चर्चा, म्हणजे सर एखादा विषय देतात, त्यावर आपण लिहायचं, शंका विचारायच्या, दुसऱ्याच्या शंकेला जमेल तसं उत्तर द्यायचं. तर वर्गात एक बाई आहेत, वयाने आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या, सगळे त्यांना ताई म्हणतात. संख्याशास्त्राचा पेपर त्यांना जड जातो हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितलं होतं.

एकदा रात्री साडेअकराला ताईंनी प्रश्न टाकला. चांगला लांबलचक, तीन वेळा थांबून थांबून लिहिलेला असावा असा, मध्ये टायपिंगच्या चुका. प्रश्न असा होता की प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत त्याचं माप) काढताना एका पुस्तकात एन ने, म्हणजे एकूण आकडे किती आहेत त्या संख्येने, भागलंय आणि दुसऱ्यात एन वजा एक ने, तर बरोबर कुठलं, आणि एक वजा का करायचा, तो एक जातो कुठे? खाली एकाने लिहिलं, "हे पहिल्याच लेक्चरला झालंय." त्याच्याखाली दुसऱ्याने, "हो का" आणि पुढे तो हसून हसून डोळ्यात पाणी आलेला चेहरा. मग त्या चेहऱ्यावर आणखी नऊ जणांनी बोट ठेवलं. मी हे सगळं होताना बघत होते. मला उत्तर अर्धवट येत होतं, सकाळी पुस्तक बघून नीट लिहू म्हणून मी फोन ठेवला आणि झोपले. सकाळी उघडलं तर ताईंच्या प्रश्नाच्या जागी "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढी राखाडी ओळ, आणि तिच्याखाली ती दोन वाक्यं आणि ते हसणारे चेहरे तसेच. नंतर येऊन वाचणाऱ्याला हे सगळे कशाला हसताहेत तेही कळलं नसतं.

त्यानंतर जवळजवळ दीड महिना ताईंचा एक शब्द नाही. लेक्चरला यायच्या, काळ्या चौकोनात नावाचं पहिलं अक्षर दिसायचं, बस्स.

आता ज्या दोघांनी लिहिलं त्यांना मी ओळखते, वाईट पोरं नाहीत ती. त्यातल्या एकाने मला लॉगिन होत नव्हतं तेव्हा अर्धा तास फोनवर बसून मदत केलेली आहे. समोर बसलेल्या ताईंच्या तोंडावर तो असं बोलला नसता याची मला खात्री आहे. मग लिहिताना काय होतं? मी याच्यावर बरंच शोधून वाचलं. जॉन सुलर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2004 मध्ये यावर लेख लिहिला होता, की ऑनलाइन आलं की माणसाचा संकोच गळून पडतो, कारण समोरचा दिसत नाही, त्याचं उत्तर लगेच येत नाही, आपण कुणाच्या समोर आहोत असं वाटतच नाही. पण मला जास्त पटला तो 2012 सालचा इस्रायलमधल्या नोआम लापिडॉट-लेफ्लर आणि अझी बराक यांचा अभ्यास. त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या, नाव लपवलेलं असणं, चेहरा न दिसणं आणि डोळ्याला डोळा न भिडणं, आणि भांडकुदळपणा वाढवण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला तो डोळ्याला डोळा न भिडण्याचा. आमच्या वर्गात तर प्रत्येकाचं खरं नाव दिसतं, म्हणजे नाव लपलंय म्हणून कुणी उद्धट झालं असं म्हणायला जागाच नाही. ताईंचे डोळे त्यांना दिसले नाहीत, एवढंच.

आणि दुसरं म्हणजे तो "हो का". तोंडाने म्हणताना "हो का?" मध्ये खरं आश्चर्य असू शकतं, मायाही असू शकते, आणि टोमणाही, सगळं आवाजावर. लिहिलं की आवाज गेला आणि वाचणारा स्वतःच्या मनातला आवाज त्याला लावतो, आणि प्रश्न विचारून आधीच धाकधूक झालेल्या माणसाच्या मनातला आवाज कुठला असणार. "बरं", "असू दे", "कळलं", "बघा तुम्हीच", "अरे वा" ही सगळी त्याच जातीची. आपल्या भाषेत निम्मा अर्थ सुरात असतो. अमेरिकेत जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक प्रयोग छापला होता, लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर लिहायला लावली आणि विचारलं की वाचणाऱ्याला तुमचा सूर कितपत कळेल. लिहिणाऱ्यांना वाटलं साधारण 78 टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात 56 टक्के वेळा कळला, म्हणजे नाणं उडवून अंदाज केला असता तर त्यापेक्षा जेमतेम बरा! आणि लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही कारण लिहिताना त्याच्या डोक्यात त्याचाच सूर वाजत असतो. म्हणून "मी तर गंमतीत म्हटलं" हे खरं असलं तरी पुरेसं नाही असं माझं मत आहे. गंमत आहे हे समोरच्याला दिसायला हवं, हे तर 1982 मध्येच लक्षात आलं होतं, स्कॉट फालमन यांनी त्यांच्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवरच्या चर्चांमध्ये विनोद कुठला आणि खरं बोलणं कुठलं याचा घोळ व्हायला लागला म्हणून कोलन, डॅश आणि कंस जोडून तो आडवा हसरा चेहरा सुचवला, 19 सप्टेंबरला. तो चेहरा कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून आला होता हो. आमच्या वर्गात तसलाच हसरा चेहरा एका माणसावर हसायला वापरला गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑनलाइन वागण्याचे नियम म्हणून ज्या याद्या फिरतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी 1995 च्या एका जुन्या दस्तऐवजात सापडतात, आरएफसी 1855 म्हणतात त्याला, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला. त्यात सगळी कॅपिटल अक्षरं वापरू नका, ओरडल्यासारखं दिसतं असं आहे. मराठीत कॅपिटल नाहीतच, आपलं ओरडणं वेगळं, चार-चार उद्गारचिन्हं आणि "कळतंय का???" असले तीन प्रश्नचिन्हांचे प्रश्न. त्याच दस्तऐवजात असंही आहे की रागात उत्तर लिहिलंत तर रात्रभर थांबून सकाळी पाठवा, आणि कशाला उत्तर देताय ते थोडक्यात वर घ्या म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. इतकी वर्षं झाली आणि आमच्या वर्गात अजून अडीचशे मेसेजनंतर कुणीतरी नुसतं "नाही, चुकीचं आहे" लिहितं आणि पंधरा जण विचारात पडतात की माझं चुकीचं का कुणाचं. कुणाचं काय चुकलं हे लिहायला दहा सेकंद जास्त लागतात. "तुमचं चुकलंय" याच्याऐवजी "तिसऱ्या ओळीत आकड्याचा वर्ग करायचा राहिलाय, तिथपर्यंत सगळं बरोबर आहे" असं लिहिलं तर माणूस तिसऱ्या ओळीकडे बघतो, स्वतःकडे बघत बसत नाही.

तू की तुम्ही हाही एक प्रश्न आहे, आणि तो इंग्रजीतल्या नियमांत सापडणार नाही. वर्गात नाव दिसतं, वय दिसत नाही. आमच्याकडे एका मुलाने 58 वर्षांच्या काकांना "तू आधी नीट वाच" लिहिलं, त्याला वाटलं आपल्याच वयाचे असतील. काकांनी मनावर घेतलं नाही हे त्यांचं मोठेपण. मला वाटतं अनोळखी वर्गात सुरुवात तुम्हीनेच करावी, समोरचा "अरे तू म्हण" म्हणाला की मग उतरावं. उलट बाजूही आहे, मोठ्यांनी लहानांना सरसकट "बाळा" "बेटा" करून त्यांचा मुद्दा बाजूला सारायचा हेही बरोबर नाही. वर्गात आम्ही सगळे विद्यार्थी आहोत.

व्हिडिओवरच्या बोलण्याचं थोडं वेगळं आहे, तिथे बराचसा गोंधळ उद्धटपणामुळे होतही नाही आणि तरी उद्धटपणाच वाटतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपलं की दुसरा साधारण 200 मिलिसेकंदांत सुरू करतो, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात, 2009 मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या गटाने 10 भाषांमध्ये हे मोजलं होतं आणि सगळीकडे आकडा त्याच्याच आसपास निघाला. आता नेटवर आवाज पोचायलाच वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूने 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्यासारखा धरलाय आणि 400 च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. म्हणजे चालण्यासारख्या धरलेल्या कॉलवरसुद्धा बोलण्याच्या दोन पाळ्यांमधली फट जाण्यायेण्याचा उशीरच खाऊन टाकू शकतो. तुम्हाला वाटतं तो थांबला, तुम्ही सुरू करता, तोवर त्याचं पुढचं वाक्य निघालेलं असतं, मग दोघं एकदम थांबता, दोघं एकदम "बोला बोला" म्हणता, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा तो बोलतो. नेट कमजोर असलेला माणूस यात दरवेळी हरतो. तो हळू आहे, त्याला बोलायचं नाही, असं सगळ्यांना वाटतं आणि बिचारा बोलतच असतो. म्हणून ते हात वर करायचं बटण आहे ना, ते वापरायला आमच्या वर्गात मोठ्यांना लाज वाटते, शाळकरी वाटतं म्हणे, पण माझ्या मते ती सगळ्यात न्यायाची सोय आहे, आणि हात वर केलेल्याला त्याच क्रमाने बोलू देणं ही सरांची जबाबदारी.

सरांचं निघालंच आहे तर एक सांगते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी 1970 च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, जी कधी बोलत नाहीत तीही. हे समोरासमोरच्या वर्गाचं झालं. ऑनलाइनला म्यूट काढायला वेळ लागतो, आवाज पोचायला लागतो, धीर गोळा करायला लागतो. आमच्या एक मॅडम आहेत, "कुणाला काही शंका? नाही ना? चला पुढे" हे एका श्वासात म्हणतात. मॅडम शिकवतात फार छान, म्हणून जास्त वाटतं की त्यांनी दहा आकडे मोजावेत मनात.

कॅमेऱ्याबद्दल मात्र माझं मत बऱ्याच लोकांना आवडणार नाही. कॅमेरा बंद ठेवणं म्हणजे अनादर, असं सर्रास बोललं जातं. मला पटत नाही. घरात दुसरी खोली नसते, मागे कुणीतरी आजारी झोपलेलं असतं, डेटा संपत आलेला असतो, आणि काही नसलं तरी तासभर स्वतःचाच चेहरा बघत बसण्याचा शीण असतोच, स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली त्यात हे एक कारण आहेच. बोलताना कॅमेरा लावावा, जमत असेल तर, बाकी वेळी माणूस ऐकतोय यावर विश्वास ठेवावा. म्यूट मात्र करा. कुकरच्या शिट्ट्या आणि घरातली भांडणं सगळ्या वर्गाने ऐकली आहेत आणि ज्याची ती असतात त्यालाच सगळ्यात जास्त ओशाळवाणं होतं.

आता मला सगळ्यात जास्त ज्याच्यावर बोलायचंय ते. आपण शिष्टाचार म्हटलं की काय करू नये एवढंच बघतो, शिव्या नको, टोमणे नको, जात-धर्म-राजकारण नको, ठीक आहे. पण ताईंना त्या दोन वाक्यांनी जेवढं लागलं त्यापेक्षा जास्त लागलं ते बाकीच्या आम्ही चाळीस जणांच्या गप्प बसण्याने. हे त्यांनीच मला सांगितलं, दीड महिन्याने, जेव्हा मी एकदाचा फोन केला. त्या म्हणाल्या, "ती दोघं पोरं आहेत गं, पण बाकी कुणीच काही बोललं नाही, मग मला वाटलं खरंच फार सोपं असणार ते." मी काय बोलणार यावर. मी त्या चाळीसातलीच.

मी त्यांना विचारून तो प्रश्न पुढच्या लेक्चरला मांडला, "आमच्यापैकी एकीची शंका आहे" म्हणून. सर थांबले आणि म्हणाले चांगला प्रश्न आहे, आणि वीस मिनिटं तेच शिकवलं, की सगळ्यांचे आकडे हातात असतील तर एन ने भागायचं, पण थोडेच नमुने घेऊन सगळ्यांबद्दल अंदाज करायचा असेल तर सरासरीसुद्धा त्याच नमुन्यांतून काढलेली असते, त्यामुळे त्या सरासरीपासूनची अंतरं खऱ्यापेक्षा जरा कमीच भरतात, ती कसर भरून काढायला एन वजा एक. चॅटवर आठ जणांनी लिहिलं की हे आम्हालाही कळलं नव्हतं. त्या आठांतला एक तो "हो का" वाला होता. नंतर त्याने ताईंना स्वतंत्र मेसेज करून माफी मागितली, हे मला ताईंकडूनच कळलं, त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि मला तो मुलगा तेव्हा फार आवडला.

माझी तक्रार आहे ती चर्चेला मार्क देण्याच्या पद्धतीवर. बऱ्याच ऑनलाइन कोर्सला असतं तसं आमच्याकडेही आहे, स्वतःची एक पोस्ट आणि दुसऱ्यांना किमान दोन उत्तरं. मुदत रविवारी रात्री बाराची. मग रविवारी रात्री साडेअकराला उत्तरांचा पाऊस पडतो, "छान मांडलंत, सहमत आहे", "अगदी योग्य मुद्दा", आणि सगळी उत्तरं कुणाच्या पोस्टला, तर ज्याची पोस्ट सगळ्यात वर आहे, सोपी आहे, त्याला. एकाला 14 उत्तरं आणि त्याच्याखाली कुणीतरी मनापासून अडलेलं काहीतरी विचारलंय त्याला शून्य. "सहमत" लिहिणाऱ्याने काही वाईट केलं नाही, कुठलाही नियम मोडला नाही. पण चर्चा अशी होत नाही. आणि आता तर चॅटजीपीटीकडून लिहून आणलेली उत्तरंही येतात, गुळगुळीत, पाच परिच्छेदांची. शोधायला, समजून घ्यायला वापरा की, मीही वापरते. पण एका माणसाने खरंच अडून विचारलेल्या प्रश्नाखाली न वाचता चिकटवलेलं उत्तर ठेवायचं, आणि मग त्याने त्यातल्या चुका शोधत बसायचं, हे मला टोमण्याइतकंच वाईट वाटतं. त्याचा वेळ तुम्ही घेतलात आणि स्वतःचा काहीच दिला नाहीत.

काही जण म्हणतील एवढं जपून बोलायचं तर वाद कसा घालणार, कॉलेज म्हणजे वाद घालायची जागा. मला वाद आवडतो. गेल्या सेमिस्टरला माझा एक मुद्दा एका मुलीने इतका व्यवस्थित खोडून काढला की मला माझी पूर्ण पोस्ट परत लिहावी लागली, आणि तिने सुरुवात कशी केली होती तर माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत दोन ओळीत मांडून, "तुम्हाला असं म्हणायचंय का?" विचारून. मी हो म्हटल्यावर मग तिने धुलाई केली. आजही काही अडलं की मी आधी तिलाच विचारते. ज्यांचा प्रश्न डिलीट झाला त्यांच्याशी वाद कोण घालणार?

आणि एक राहिलंच, स्क्रीनशॉट. वर्गात कुणी काय विचारलं, कुणाचं काय चुकलं, ते काढून बाहेरच्या ग्रुपवर टाकू नका, नाव झाकूनसुद्धा नको, लोक ओळखतात. चुकायला मोकळीक असते म्हणून तर तो वर्ग आहे.

तर आमच्या सरांना मी मेल केलाय. दोन उत्तरांची अट असू द्या, पण त्यातलं एक उत्तर अशा पोस्टला असावं जिला तोपर्यंत कुणीच उत्तर दिलेलं नाही, आणि मार्क त्याचे जास्त ठेवा. उत्तर येत नसेल तरी चालेल, "मलाही इथेच अडलंय, मी इथपर्यंत पोचले" असं लिहिलं तरी ते उत्तरच धरा. तुमचा पेपर वाचणारे बरेच शिक्षक आहेत, त्यांनीही आपापल्या वर्गात हे करून बघावं म्हणून एवढं लिहिलं. सरांनी त्याच दिवशी संध्याकाळी कळवलं की येत्या सेमिस्टरपासून करतो. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या पहिला प्रश्न मीच टाकते, त्यांच्याकडे दीड महिन्याचे साठलेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, सध्या विद्यार्थिनी